"रोजचे हजार सुटतील न्हवं?"

आज संध्याकाळी येळ्ळूरकडचे एक काका पोराला घेऊन घरी आले. लांबचे पाहुणेच लागतात आमचे. पोरगा इथं बेळगावातच उद्यमबागेत सीएनसी मशीनवर होता, चांगला हात बसलेला, काम सोडून बसलाय. शेअर बाजाराच्या कुठल्याशा क्लासला फी भरली, मोबाईलवर डिमॅट खातं उघडलं, आणि आता माझ्याशेजारी 'लाईव्ह बसायचं' म्हणतोय. काका म्हणाले, "जास्त नको गा आम्हाला. 25 हजार घातले तर रोजचे हजार सुटतील न्हवं?"

चहा दिला, गोड बोलून पाठवलं. पण तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून लिहितोय.

राग काकांवर नाही. त्या "जास्त नको"वर आहे. 25 हजारावर रोज हजार म्हणजे रोजचे 4 टक्के! बँक वर्षभर पैसे ठेवून घेते आणि 6-7 टक्के हातावर टेकवते. महिन्याचे 20 दिवस बाजार धरला तर 25 हजारावर 20 हजार. हे जास्त नाही? काकांना हे कुणी सांगितलं? ज्यानं फी घेतली त्यानं.

मी या ट्रेडिंगवरच घर चालवतो हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून सांगतो, 'रोज' या अपेक्षेनंच माणूस बुडतो. हजार सुटायलाच पाहिजेत म्हणून बसलेला पोरगा दुपारी अडीचला सहाशेवर अडकलेला असतो. चारशे कमी. चार्टवर काही नाही, बाजार एका जागी पडून आहे, तरी तो कॉल उचलतो, म्हणजे बाजार चढेल यावर पैसे लावतो. पडला की अ‍ॅव्हरेज करतो, म्हणजे पडत्या भावात अजून घेतो. सव्वातीनच्या सुमारास ब्रोकर त्याचा उघडा सौदा कापतो तोवर सहाशे तर गेलेच, वर दोन हजार अजून. आणि प्रत्येक ऑर्डरला ब्रोकरेज, एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर), जीएसटी वेगळं. छोट्या भांडवलाला तेवढंच खाऊन टाकतं.

4 जून 2024 आठवतोय? लोकसभेची मोजणी. आदल्या दिवशी एक्झिट पोलच्या जोरावर निफ्टी तीन टक्क्यांच्या वर चढून बसलेला. त्या सकाळी पहिल्या अर्ध्या तासात माझे दोन स्टॉपलॉस (एसएल) उडाले, म्हणजे ठरवलेल्या तोट्याला सौदे आपोआप कापले गेले. माझा नियम ठरलेला आहे: एका सौद्यात भांडवलाच्या अर्ध्या टक्क्यावर तोटा नाही, आणि दिवसात दोन एसएल उडाले की टर्मिनल बंद. मग बाजारात आग लागो नाहीतर सोनं पडो. बंद केलं, वहीत नोंद केली आणि खानापूरला शेताकडं गेलो, पेरणीची गडबड होती. संध्याकाळी परत आलो तर कट्ट्यावर बेळगाव-चिकोडीच्या निकालापेक्षा माझीच चर्चा जास्त. निफ्टी जवळजवळ 6 टक्के पडून बंद झालेला, सेन्सेक्स 4,300 च्या वर खाली. "काय गा, आज तर छापला असशील!" मी म्हटलं, दोन एसएल झाले, बंद केलं. जे हसलेत! एक तर म्हणाला, "मग तू ट्रेडर कसला?"

हो, पुट, म्हणजे बाजार पडेल यावरचा सौदा, धरून बसलो असतो तर पैसे झाले असते. मान्य. पुढचं बोला.

त्या दिवशी हसणाऱ्यांत आमच्याच गल्लीतला एक पोरगा होता. त्यानं सकाळी पुट घेतलेला, स्टॉपलॉस न लावता, आणि दुपारपर्यंत 40 हजार झालेले. कट्ट्यावर सगळ्यांना त्यानंच चहा पाजला. त्या पोराला बाजारानं त्या दिवशी काय शिकवलं बघा: एसएल लावायचा नाही, धरून बसायचं. त्याच शिकवणीवर तो पुढं खेळत गेला. गणपतीपर्यंत ते 40 हजार तर गेलेच, सोसायटीतून आईच्या पाटल्यांवर कर्ज निघालं ते घरात कुणाला माहीत नव्हतं. चुकून कळलं, नोटीस आली तेव्हा.

हे लिहिताना हात जड होतोय. पोरगा वाईट नाही हो. गणपतीत रात्र रात्र मंडपात राबणारा, कुणाच्या घरी कुणी आजारी पडलं तर पहिला धावणारा. आता समोरून आला तरी मान खाली घालून जातो.

आणि सगळा दोष पोरांच्या माथी मारू नका. शॉपमध्ये बारा तास उभं राहायचं, कूलंटनं हात सोलायचे, आणि महिन्याला जेमतेम 15 हजार. इथं सरकारी नोकरीला कन्नडवर अडतं, तिकडं महाराष्ट्रात गेलं तर कागदपत्रांवर. कोल्हापूर-पुण्याला जाऊन खोलीभाडं भरून उरणार काय? अशा पोराला कुणी लॅपटॉपवर हिरवे आकडे दाखवून 'नोकरीची गुलामी सोडा' म्हटलं तर तो जाणारच. मला राग येतो तो दाखवणाऱ्यांचा. हिरवे आकडे दाखवतात, वर्षाचा हिशेब कधी दाखवत नाहीत. सगळेच तसले नसतील, एखादा पहिल्या दिवशी स्टॉपलॉस शिकवणाराही असेल. असू दे.

बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीनं तर आकडे उघडे करून ठेवलेत. 2022 ते 2024 या तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओ (हेच कॉल-पुट, फ्युचर्सचे सौदे) करणाऱ्या साध्या लोकांपैकी 93 टक्के तोट्यात, एकूण तोटा 1 लाख 80 हजार कोटींच्या वर. खर्च वजा जाता लाखाच्या वर नफा काढणारे फक्त 1 टक्का. ब्रोकरच्या अ‍ॅपमध्ये लॉगिन करताना इशारा येतोच, दहापैकी नऊ जण नुकसानीत म्हणून. आज त्या पोरानं माझ्यासमोर अ‍ॅप उघडलं आणि ती पाटी न वाचता अंगठ्यानं सरकवली. काका शेजारीच बसलेले, त्यांना ती दिसलीसुद्धा नाही.

काकांची स्वतःची भातशेती आहे. त्यांना कुणी विचारतं का, आज किती पोती झाली? पेरल्यापासून सुगीपर्यंत घर कशावर चालवायचं हे त्यांना बरोबर कळतं. माझंही तसंच आहे. घरखर्चाचं खातं वेगळं, त्यात वर्षभराचा खर्च आधी बाजूला, त्याला बाजारासाठी हात लावायचा नाही. तीन महिन्यांनी हिशेब, नफा असला तर त्यातला वाटा त्या खात्यात. सलग दोन महिने तोट्यात गेले तरी बायकोला पोरांच्या फीसाठी माझ्या तोंडाकडं बघावं लागत नाही, म्हणूनच तिसऱ्या महिन्यात माझं डोकं जागेवर असतं. ज्याच्या घरी उद्याचं दूध आजच्या सौद्यावर आहे त्याच्याकडून शिस्त पाळली जाणार नाही. कुणाकडूनच नाही.

आणि शिस्त म्हणजे पहाटे उठून ध्यान करणं नव्हे, जे आजकाल रीलवर दाखवतात. सव्वानऊला बाजार उघडला की पहिली पंधरा मिनिटं हात मांडीखाली घालून बसणं. सौदा घ्यायच्या आधी वहीत कारण लिहिणं, आणि लिहायला कारण सापडलं नाही तर न घेणं. एक्स्पायरीच्या, म्हणजे सौद्याची मुदत संपायच्या दिवशी कॉल-पुटचा भाव दोन-पाच रुपयांवर आला की सगळ्यांचे हात शिवशिवतात, तेव्हा गप्प राहणं. बहुतेक दिवस काहीच घडत नाही. कंटाळा येतो. तो कंटाळा ज्याला सोसत नाही त्यानं यात येऊ नये.

त्या 4 जूनला मला हसलेले अजून हसतात. "खानापूरवाला ट्रेडर" म्हणतात. म्हणू देत. त्या दिवशीचा माझा तोटा भांडवलाच्या एक टक्क्याच्या आत होता आणि दुसऱ्या दिवशी सव्वानऊला मी परत खुर्चीत होतो.

त्या पोराला मी इतकंच सांगितलंय: शॉपच्या मालकाकडं जा, परत कामावर घेतो का विचार. तीन महिने कागदावर सौदे लिही, एक रुपया न घालता. वही घेऊन ये, रविवारी बसून बघू. आला तर मनापासून शिकवीन, फी नको.

शहापूर, वडगाव, अनगोळमधल्या ज्यांच्या घरात असं कुणी फी भरायच्या तयारीत असेल त्यांनी आधी माझ्याकडं येऊन जा. साडेतीननंतर या. त्याआधी दार उघडणार नाही, राग मानू नका.