कुत्र्याची केसगळती ‘पंधरा दिवसांत बंद’ करणाऱ्या सल्ल्याचा प्रतिवाद

पाळीव कुत्र्याच्या केसगळतीवरचा एक सल्ला हातोहात पुढे पाठवला जातो. त्याचा सारांश असा: केस गळणे हे अशक्तपणाचे लक्षण आहे, उन्हाळा लागताच कुत्र्याचे सगळे केस मशीनने काढून टाकावेत, म्हणजे त्याला गारवा मिळतो आणि घरात केसही होत नाहीत, दर दोन दिवसांनी शाम्पूने आंघोळ घालावी, रोजच्या जेवणात खोबरेल तेल आणि कच्चे अंडे द्यावे, एवढे केले की पंधरा दिवसांत गळती पूर्ण थांबते आणि पशुवैद्याकडे जाण्याची वेळच येत नाही. यातल्या जवळजवळ प्रत्येक विधानात थोडासा खरेपणा आहे आणि म्हणूनच सगळा मजकूर विश्वासार्ह वाटतो.

पहिले विधान अशक्तपणाचे. केसाचे मूळ काही काळ केस वाढवते, मग विसावते आणि नवा केस उगवू लागला की जुना सुटून पडतो. निरोगी कुत्र्यातही हे चक्र आयुष्यभर चालू असते. पूडलसारख्या जातींमध्ये वाढीचा काळ लांब असल्यामुळे केस वाढतच राहतात, ते कापावे लागतात, पण गळतात कमी. हस्की किंवा मॅलम्यूट यांच्यासारख्या जातींमध्ये मात्र बाहेर राठ केस आणि आत मऊ दाट लोकर असे दोन थर असतात, बहुतेक मुळे विसावलेल्या अवस्थेत असतात आणि ऋतू पालटताना आतली लोकर पुंजक्या-पुंजक्यांनी निघते. शरीर ऋतू ओळखते ते मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून, तापमानाचा वाटा त्यामानाने दुय्यम असतो. रात्री उशिरापर्यंत दिव्यांच्या उजेडात वावरणाऱ्या घरातल्या कुत्र्यांची गळती अनेकदा वर्षभर थोडीथोडी चालू राहते, ती यामुळेच. अशक्तपणाचा संबंध अगदीच नाही असे नाही: तीव्र ताप, मोठी शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण यांच्यानंतर साधारण एक ते तीन महिन्यांनी पुष्कळ केस एकदम गळू शकतात. पण ती गळती आपोआप भरून येते आणि तिच्यावरून प्रत्येक गळणाऱ्या कुत्र्याला अशक्त ठरवता येत नाही.

सर्वांत जास्त नुकसान करणारा सल्ला आहे सगळे केस भादरण्याचा. भादरल्याने केस मुळापासून जात नाही, तो फक्त आखूड होतो. त्यामुळे गळायचा तो गळतोच, फरक इतकाच की आता तो बारीक काट्यासारखा कापडात रुततो आणि झाडूने निघत नाही. (आखूड केसांची पग किंवा बीगल जातीची कुत्री ज्यांच्या घरी आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको.) गारव्याचा युक्तिवाद माणसाच्या शरीरावरून बेतलेला आहे. आपण अंगभर येणाऱ्या घामाने थंड होतो. कुत्र्याला तसा घाम मुख्यतः पंजांच्या तळव्यांनाच येतो आणि त्याचे शरीर थंड होते ते प्रामुख्याने धापा टाकून. अंगावरचे बाहेरचे केस उन्हाची थेट झळ अडवतात. ते काढले की, विशेषतः गुलाबी किंवा फिकट त्वचेच्या कुत्र्याला, ऊन पोळते. उष्णता अडकते ती विंचरून न काढलेल्या मेलेल्या लोकरीत. ती काढली की त्वचेपर्यंत हवा खेळते आणि भादरण्याचे कारणच उरत नाही.

याहून मोठा धोका नंतर दिसतो. दाट दुहेरी केसांच्या जातींमध्ये, म्हणजे हस्की, सॅमॉयेड, चाउ चाउ, पोमेरेनियन यांच्यात, भादरलेल्या जागी केस काही वेळा महिनोन्‌महिने उगवत नाहीत. कधी वर्ष किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो आणि उगवलेल्या केसांचा पोत पूर्वीपेक्षा वेगळा असू शकतो. विसावलेल्या मुळांना पुन्हा वाढीला लागण्याची घाई नसते, एवढे समजले तरी हे नवल वाटत नाही. फार काळ केस आलेच नाहीत तर थायरॉइड ग्रंथीच्या बिघाडासारखा दोष तर दडलेला नाही ना, हेही तपासावे लागते. भादरणे नेहमीच चूक आहे, असे माझे म्हणणे नाही. जटा त्वचेपर्यंत घट्ट झाल्या असतील, जखमेवर उपचार करायचे असतील किंवा पूडलसारखे सतत वाढणारे केस असतील, तर मशीन वापरणेच योग्य. पण गळती थांबवण्याचा उपाय म्हणून ते कुचकामी आहे.

दर दोन दिवसांनी शाम्पू लावण्याचा सल्ला त्वचेच्या रचनेकडे दुर्लक्ष करतो. कुत्र्याच्या बाह्यत्वचेत पेशींचे थर साधारण तीन ते पाच असतात, माणसात दहा ते पंधरा. शिवाय माणसाची त्वचा आम्लधर्मी, तर कुत्र्याची उदासीनतेच्या जवळची असते, म्हणून माणसांचा शाम्पू तिला मानवत नाही. वारंवार धुतल्याने त्वचेवरचे तेल निघून जाते, कोंडा आणि खाज वाढते, कुत्रे खाजवते आणि त्यात आणखी केस जातात. गळतीच्या ऐन काळात एखादी आंघोळ उपयोगी पडते, कारण कोमट पाण्याने सुटलेली लोकर मोकळी होते. मात्र आधी विंचरून गुंता काढावा, कारण भिजला की तो अधिक आवळतो, आणि नंतर केस त्वचेपर्यंत पूर्ण वाळवावेत, कारण आत राहिलेल्या ओलाव्यामुळे चिघळणारे चट्टे उठू शकतात. पशुवैद्याने दिलेला औषधी शाम्पू काही वेळा आठवड्यातून दोनदाही लावतात, पण तो ठरावीक आजारावरचा उपचार असतो.

आहाराच्या सल्ल्यात दिशा बरोबर आहे, वस्तू चुकल्या आहेत. केस जवळजवळ सगळा प्रथिनांचा बनलेला असतो आणि त्वचा व केस यांच्यासाठी रोजच्या प्रथिनांपैकी मोठा वाटा, कधी पाव हिश्शाहूनही जास्त, खर्च होतो. म्हणून निकृष्ट आहाराचा परिणाम केसांवर लवकर दिसतो. पण खोबरेल तेल बहुतांशी संपृक्त मेदाचे असते. त्वचेला ज्याची खरी गरज असते ते लिनोलेइक आम्ल त्यात जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास असते आणि ओमेगा-३ जवळजवळ नसतेच. एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० कॅलरी असतात, तर पाच किलोच्या कुत्र्याला दिवसभरात साधारण ३०० ते ४०० कॅलरी लागतात. म्हणजे एका चमच्यातच जवळपास तिसरा हिस्सा संपतो. शिवाय ज्याची प्रकृती मेदाला संवेदनशील आहे अशा कुत्र्याला अचानक दिलेल्या मेदामुळे स्वादुपिंडाचा दाह होऊ शकतो. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यातले अ‍ॅव्हिडिन हे प्रथिन बायोटिन या केसांना लागणाऱ्या जीवनसत्त्वाला बांधून ठेवते, म्हणजे केसांसाठी दिलेले अंडे सतत दिल्यास केसांच्याच मुळावर येऊ शकते. ते उकडून द्यावे, त्यामुळे साल्मोनेला या जंतूंचा धोकाही टळतो. तेलच द्यायचे असेल तर माशाचे तेल निदान तर्काला धरून आहे, पण मात्रा पशुवैद्याकडून ठरवून घ्यावी आणि परिणामाची वाट आठ ते बारा आठवडे पाहावी.

घरातले केस ज्याने खरोखर कमी होतात, त्या विंचरण्याचा या सल्ल्यात उल्लेखही नाही, याचे आश्चर्य वाटते. आखूड केसांना रबरी ब्रश पुरतो. दुहेरी केसांना आतली लोकर ओढून काढणारा लांब दातांचा कंगवा लागतो आणि गळतीच्या मोसमात तो रोज फिरवावा लागतो. पात्यांची साधने मात्र एकाच जागी पुन्हा पुन्हा ओढू नयेत, कारण ती बाहेरचे निरोगी केस कापतात आणि त्वचा खरचटवतात.

राहिला पंधरा दिवसांचा दावा. ऋतूची गळती काही आठवड्यांत आपोआप ओसरते. ती शिगेला पोचल्यावर लोक उपाय सुरू करतात, त्यामुळे कोणताही उपाय गुणकारी भासतो. हा गैरसमज निरुपद्रवी असता, जर त्याला ‘पशुवैद्याची गरज नाही’ ही पुरवणी जोडलेली नसती. टक्कल पडणे, दोन्ही बाजूंना सारखेच केस विरळ होणे, खाज, लाली, खपल्या, दुर्गंधी, वजन वाढणे, सुस्ती किंवा वाढलेली तहान यांपैकी काही दिसले, तर प्रश्न ऋतूचा नाही. शेपटीच्या बुंध्याशी केस गेले असतील तर पिसवांची अ‍ॅलर्जी संभवते. गोल चट्टे बुरशीचे असू शकतात आणि ती बुरशी माणसांनाही लागते. सममित विरळपणामागे थायरॉइडची कमतरता किंवा कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे आधिक्य असू शकते. नुसत्या नजरेने हे वेगळे करता येत नाही. त्वचा खरवडून पाहणे, बुरशीची चाचणी आणि रक्ततपासणी यांची गरज पडते. तपासणीला जाण्यापूर्वीचे काही दिवस आंघोळ घालू नये आणि त्वचेवर काही चोळू नये, कारण पिसवांची विष्ठा, खपल्या आणि जंतू धुऊन गेले की निदान करायला फारसे काही उरत नाही; आणि आतापर्यंत काय काय चारले व लावले, त्याची यादी सोबत न्यावी.