गवती चहा उकळू नका

सातारा-सांगलीकडं ज्याच्या परसात गवती चहाचं बेट नाही असं घर शोधावं लागेल. निदान कुंडीत तरी असतोच. पाहुणे आले की चार पाती कापायची, गाठ मारायची आणि पाणी, साखर, आलं, पावडर या सगळ्याबरोबर पातेल्यात टाकून दहा मिनिटं खळाखळा उकळायचं, ही घरोघरची रीत. वास पार ओसरीपर्यंत येतो, म्हणून चहा झकास झाला असं वाटतं. पण गवती चहाचा वास ज्या तेलाचा आहे ते उडून जाणारं तेल आहे आणि त्यात मोठा वाटा सिट्राल या लिंबासारख्या वासाच्या घटकाचा. ओसरीपर्यंत गेलेला वास कपात यायला हवा होता. पातेल्यात मागं राहते ती शिजलेल्या गवताची चव.

माझं म्हणणं एवढंच आहे की घरी वेगवेगळ्या वनस्पतींचे चहा करताना आपण सगळ्यांना एकाच मापानं उकळतो आणि मग 'हर्बल टी बेचव असतो' म्हणून मोकळे होतो. खरं तर हे शास्त्र आपल्याकडंच आहे. आयुर्वेदात वनस्पतीचा गुण पाण्यात उतरवण्याच्या पद्धती वेगवेगळ्या सांगितल्यात. क्वाथ म्हणजे काढा, यात पाणी चौथा किंवा आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवतात. फांट म्हणजे गरम पाणी ओतून झाकून ठेवायचं, मग गाळायचं. हिम म्हणजे थंड पाण्यात रात्रभर भिजवायचं. यातला काढा तेवढा आपल्या डोक्यात बसला. २०२० साली आयुष मंत्रालयानं तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा सुचवला, तेव्हा घराघरात हे सगळं एकदम पातेल्यात पडलं. त्यातली सुंठ आणि दालचिनी उकळायचीच असते. तुळस मात्र पान आहे, ती गॅस बंद केल्यावर टाकायची.

मूळ, साल आणि खोड उकळा. पान आणि फूल झाकून मुरवा. बिया जाडसर कुटून मुरवा. वाळा आणि धणे मात्र थंड पाण्यात ठेवा. एवढं पाळलं तरी फरक पहिल्याच कपात कळतो.

आता गवती चहाचंच बघू. २०० मिली पाण्याला हातभर लांबीची दोन-तीन ताजी पाती पुरतात. धुवून, बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे करा आणि कापायच्या आधी पाती मुठीत घेऊन चांगली पिळवटा, कारण तेल पात्याच्या आत असतं आणि नुसत्या कापलेल्या कडेतून थोडंच बाहेर पडतं. पाणी उकळलं की गॅस बंद. पाती टाका, वर घट्ट बसणारं झाकण, सात मिनिटं. झाकण काढल्यावर त्याच्या आतल्या बाजूला जमलेलं पाणी परत कपात झटका, त्यात वास असतो. बुडातला पांढरा दांडा टाकून देऊ नका. तो ठेचून वेगळा दोन-तीन मिनिटं उकळला तर चालतो, कारण तो जाड असतो. पाती वाळवायची असतील तर सावलीत. उन्हात वाळवलेली पाती पिवळी पडतात आणि वास निम्म्यावर येतो. वाकवल्यावर कट्‌कन मोडली तरच बरणीत भरा. नुसती वाकली तर आत ओल आहे आणि पंधरवड्यात बुरशी धरणार.

दुधाच्या चहातही हाच क्रम चालतो. आलं, पावडर, साखर, दूध सगळं नेहमीसारखं उकळून घ्या, गॅस बंद करा, मग पाती टाकून तीन मिनिटं झाका. शंका असेल तर एका दुपारी दोन पातेली शेजारी-शेजारी ठेवून दोन्ही पद्धतींनी करून बघा. वाद मिटेल.

आल्याचं गणित उलटं आहे. कोरेगाव पट्ट्यातलं आलं असो की कुठलंही, त्याला वेळ द्यावाच लागतो. दोन कपांना अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडा मोठा तुकडा, साधारण आठ-दहा ग्रॅम, खलबत्त्यात ठेचून थंड पाण्यातच टाका आणि मंद आचेवर पाच-सहा मिनिटं उकळू द्या. आलं घातलं की दूध फाटतं ही तक्रार सगळीकडं ऐकू येते. त्याचं कारण म्हणजे कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं. ते उकळल्यावर निकामी होतं. म्हणून आलं आधी पाण्यात उकळलेलं असलं पाहिजे, दूध त्यानंतर. दूध कोमट असताना वरून आलं किसून टाकणाऱ्यांचा चहा फाटतो, त्यात दूधवाल्याचा दोष नसतो. गुळाचा चहा फाटतो तो वेगळ्या कारणानं. गुळात आंबटपणा आणि क्षार असतात, त्यामुळं गूळ घालून दूध उकळायचं नाही. खाली उतरवून मग गूळ घाला, ढवळा, प्या, पुन्हा गॅसवर ठेवू नका. सुंठ वापरणार असाल तर माप निम्म्याहून कमी करा. आलं वाळताना त्यातला तिखटपणा देणारा पदार्थ बदलतो आणि आणखी जहाल होतो.

आलं, गवती चहा आणि पुदिना एकत्र हवा असेल तर आलं आधी उकळून घ्या, गॅस बंद करून मिनिटभर थांबा, मग गवती चहा, झाकण, आणि शेवटच्या तीन मिनिटांत पुदिन्याची सात-आठ पानं. पुदिना जास्त वेळ राहिला तर काळवंडतो आणि कडसर होतो. बडीशेप २०० मिलीला एक चमचा, आयत्या वेळी जाडसर कुटून, झाकून दहा मिनिटं. अख्खी टाकली तर नुसतं पिवळसर पाणी मिळेल.

आता फुलं. बाजारात 'हिबिस्कस टी' म्हणून मिळतो तो आपल्या दारातल्या जास्वंदीचा नसतो. तो लाल अंबाडीच्या बोंडांचा असतो, म्हणजे फूल गळल्यावर फळाभोवती उरणाऱ्या मांसल लाल आवरणाचा. दारातली जास्वंद रंग देईल, पण तो आंबटपणा तिच्यात नाही. वाळलेली पाच-सहा बोंडं २०० मिलीला, पाच मिनिटं. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या, अ‍ॅल्युमिनियमचं नको, कारण आंबट पाणी त्याला लागतं. यात दूध घालायचा विचारही करू नका. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर रोजचा कप सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. ज्येष्ठमधाचंही तसंच. त्याचा गोडवा सुरेख असतो, पण रोज आणि भरपूर घेतलं तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम कमी होतं. चिमूटभर, कधीतरी, एवढंच बरं. गोकर्णीच्या फुलांचं निळं पाणी लिंबू पिळल्यावर जांभळं होतं, मुलांना फार आवडतं. चव जवळजवळ नसते, म्हणून सोबत गवती चहा घ्या.

खरी मेहनत आणि खरा आनंद मोगऱ्याच्या चहात आहे. हा प्रकार घरी होतो हेच पुष्कळांना माहीत नाही. चहापत्ती आजूबाजूचा वास ओढून घेते. मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवलेल्या चहाला हिंगाचा वास लागतो तो यामुळंच. तोच गुण कामाला लावायचा. पन्नास ग्रॅम ग्रीन टी किंवा निलगिरी डोंगरातली अख्ख्या पानाची चहापत्ती घ्या. रोजची गोळीदार सीटीसी पावडर नको, तिचा कडकपणा मोगऱ्याला वर येऊ देत नाही. संध्याकाळी, उमलायच्या आधी, दारच्या मोगऱ्याच्या टपोऱ्या कळ्या तोडा, मूठभर. कळी रात्री उमलते आणि तेव्हाच वास सोडते, म्हणून सकाळची उमललेली फुलं या कामाला उपयोगाची नाहीत. काचेच्या कोरड्या बरणीत चहाचा थर, कळ्यांचा थर, पुन्हा चहाचा, असं भरून रात्रभर ठेवा. सकाळी फुलं एकूण एक वेचून काढा. एखादी राहिली तर कुजते आणि सगळ्या चहाला कुबट वास लावते. फुलांची ओल चहात उतरलेली असते, म्हणून पत्ती ताटात पसरून, हाताला सहज सोसेल इतक्याच गरम तव्यावर ते ताट ठेवून कोरडी करा. बोटात चुरल्यावर ती कुरकुरीत मोडली पाहिजे. संध्याकाळी ताज्या कळ्या घेऊन पुन्हा हेच. तीन रात्री झाल्या की चहाला खरा वास धरतो. बाजारातला गजरा यासाठी वापरू नका. त्यावर पाणी शिंपडलेलं असतं आणि फवारणी कुठली झाली हे कुणी सांगू शकत नाही.

हा चहा आणि कुठलाही ग्रीन टी उकळत्या पाण्यात करायचा नाही, कडू होतो. थर्मामीटर लागत नाही. तीन कप उकळतं पाणी आणि एक कप साधं पाणी एकत्र केलं की ऐंशी अंशांच्या आसपास येतं. कपाला दोन ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर पत्ती, दोन ते तीन मिनिटं, आणि गाळून टाका. पत्ती कपातच ठेवून गप्पा मारत बसू नका. महाबळेश्वर-पाचगणीला पाणी पंच्याण्णव अंशांच्या जवळपासच उकळतं, तिथं आलं-दालचिनीला दोन मिनिटं जास्त द्या.

पाण्याचं तर बोलायलाच हवं. जत, आटपाडी, माण, खटाव या भागात बोअरचं जड पाणी असतं. काळ्या चहावर त्यात तवंगासारखी साय धरते, रंग मातकट होतो. पत्ती बदलून उपयोग नाही, दोष पाण्यातल्या चुन्याचा आहे. कोरा चहा असेल तर लिंबाचे चार थेंब टाका, साय विरते. शक्य असेल तर चहापुरतं आरओ यंत्राचं पाणी घ्या.

चव घ्यायची तर भुरका मारून. चहाच्या कारखान्यातले चव घेणारे असाच जोरदार भुरका मारतात, कारण हवेबरोबर चहा जिभेभर पसरतो आणि वास घशातून नाकात चढतो. बशीतून भुरके घेणाऱ्या आजोबांना आपण उगाच टोकतो. दोन चहांची तुलना करायची तर माप आणि वेळ सारखी हवी. आयएसओ ३१०३ या चहा करण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात १०० मिली पाण्याला दोन ग्रॅम पत्ती आणि झाकून सहा मिनिटं असं ठरलेलं आहे. ते पिण्यासाठी फार कडक होतं, पण चहातले दोष लपत नाहीत. पांढरा कप घ्या, रंग कळतो. साखर आधी घालू नका. आणि भडंग खाऊन लगेच चव घ्यायला बसू नका, लसूण तोंडात असताना मोगरा काय कळणार!

सांगलीची हळद नुसत्या पाण्यात घालून 'हळद चहा' करणाऱ्यांना एक सांगणं. तिचा रंगद्रव्याचा भाग पाण्यात विरघळत नाही, खाली बसतो. थोडं तूप किंवा दूध आणि चिमूट मिरपूड घाला. हिरवं हळदीचं पान मिळालं तर वीतभर तुकडा झाकून पाच मिनिटं मुरवा, त्याचा वास हळकुंडापेक्षा कितीतरी नाजूक असतो. तासगावकडचा बेदाणा साखरेऐवजी फार छान चालतो. दहा-बारा दाणे कोमट पाण्यात चांगले चोळून धुवा, कारण सुकवण्यापूर्वी द्राक्षं द्रावणात बुडवलेली असतात, मग आल्याबरोबरच उकळा.

स्ट्रॉबेरीचं मात्र गरम पाण्यात काही खरं नाही, शिजल्यासारखी लागते. विकतच्या स्ट्रॉबेरी चहाचा वास बहुतेक वेळा वरून घातलेल्या फ्लेवरचा असतो. फळाचाच चहा हवा तर एक लिटर थंड पाण्यात आठ ग्रॅम चहापत्ती घालून सहा-आठ तास फ्रिजमध्ये ठेवा, गाळा, आणि पिताना चार-पाच पिकलेल्या स्ट्रॉबेरी ठेचून घाला. थंड पाण्यात कडवटपणा कमी उतरतो, त्यामुळं साखर लागत नाही. हे पाणी त्याच दिवशी संपवा.