तुमच्यातली देवी जागी करायची असेल तर

मुलं शिकायला पुण्याला गेली आहेत, नवरा मॅच बघायला शाहू स्टेडियमवर पडीक असतो आणि भिशीतला ढोकळा आता नरड्याखाली उतरत नाही, अशी तुमची अवस्था असेल तर ‘सिस्टर सर्कल’ सुरू करा, म्हणजे बायकांनी गोल करून बसायचं, ध्यान करायचं, रडायचं आणि आपल्या आतली देवी जागी करायची. कोल्हापुरात ताराबाई पार्कात गच्ची असेल तर उत्तमच. शाहूपुरीतली असली तरी चालेल, फक्त शेजारणीचे वाळत घातलेले सांडगे फोटोत येऊ देऊ नका.

त्याला भिशी मात्र म्हणायचं नाही. भिशीत बायका जमतात, सर्कलमध्ये सिस्टर्स. भिशीत भरलेले पैसे आपला नंबर लागला की परत मिळतात. सर्कलमध्ये पैसे भरत नाहीत, ‘एनर्जी एक्स्चेंज’ करतात, आणि दिलेल्या एनर्जीचा हिशोब मागणारी बाई अजून जागृत झालेली नाही असं समजायचं.

सुरुवात तोंडापासून करा. ‘मी येतो गं’, ‘मी जेवलो बघ’ हे आपलं कोल्हापुरी बायकांचं पुरुषासारखं बोलणं बंद. त्यानं म्हणे स्त्री-ऊर्जा अडते. मग वहिनी, आक्का, मामी, काकू या हाका सोडा. या हाकांना कामं चिकटलेली असतात. वहिनी म्हटलं की तिची सासू दवाखान्यात असेपर्यंत दोन वेळचा डबा पोचवावा लागतो. आक्का म्हटलं की तिच्या लेकीच्या लग्नात रुखवत मांडायला रात्री बारापर्यंत बसावं लागतं, वर तिच्या विहिणीचं बोलणं खावं लागतं. सिस्टरला यातलं काही लागत नाही. तिच्यासाठी फक्त ‘स्पेस होल्ड’ करायची. म्हणजे ती रडायला लागली की आपण डोळे मिटायचे, उजवा हात छातीवर ठेवायचा आणि दीर्घ श्वास सोडायचा, तिला ऐकू जाईल असा. डबा नाही, रिक्षाचं भाडं नाही. तिची आई आयसीयूत आहे असा मेसेज ग्रुपवर आला तर जांभळं हृदय टाका. लालसुद्धा चालतं, पण जांभळ्यात जास्त हीलिंग असतं.

एखादी सिस्टर हळू आवाजात सांगेल की नवरा हात उचलतो. इथं कसोटी आहे. ‘चल, आत्ता लक्ष्मीपुरी पोलीस ठाण्यात जाऊ’ असं चुकूनही म्हणू नका. ती पुरुष-ऊर्जा झाली. ‘तुझ्या जखमेतून तुझी शक्ती उमलते आहे’ असं म्हणा आणि पाण्याचा ग्लास पुढं करा. शाहू महाराजांना एवढं साधं सुचलं नाही. त्यांनी १९१९ साली करवीर संस्थानात बायकांना क्रूरपणे वागवणाऱ्यांना शिक्षा देणारा कायदाच करून टाकला. कायदा म्हणजे कलमं, साक्षीपुरावे, शिक्षा. कसली ती कंपनं! उमलायला वावच नाही.

इतिहास अगदीच सोडू नका, फोटोपुरता ठेवा. कावळा नाक्यावर ताराराणींचा घोड्यावरचा पुतळा आहे. सिग्नल बघून रस्ता ओलांडा, पुतळा मागं येईल असं उभं राहा आणि खाली लिहा, ‘आज मी माझ्या आतल्या राणीला भेटले.’ खुद्द राणीला १७०० पासून १७०७ पर्यंत औरंगजेबाशी भेटायचं होतं, तेही ऐन पंचविशीत विधवा झाल्यावर. त्यामुळे तिला स्वतःच्या आत डोकवायला कितपत सवड मिळाली कुणास ठाऊक.

सामानाची यादी लांबवत नाही. धुरासाठी कॅलिफोर्नियाचं पांढरं सेज, म्हणजे एक वासाचा वाळका पाला, मागवा. महाद्वार रोडवर ऊद-धूप ढिगानं मिळतो, पण तो आज्जी जाळायची, म्हणून तो नुसताच धूर. प्यायला ककाओ, म्हणजे आपला कोको, तोही मध्य अमेरिकेतला. आपलं गाव गुळाचं आहे हे पाहुण्या सिस्टर्सना कळू देऊ नका.

खरी अडचण वेगळीच आहे. तुम्ही ‘आतली देवी’ शोधायला निघाला आहात आणि बाहेरची देवी चालत जाण्याच्या अंतरावर बसली आहे. अंबाबाईच्या रांगेत पुढं गडहिंग्लजची बाई, मागं निपाणीची, कडेवर पोर, हातात ओटी, आणि दोघी तुम्हाला विचारणार, ‘तुमचं गाव कंचं?’ याला भगिनीभाव म्हणत नाहीत, गर्दी म्हणतात. गाभाऱ्यात बायकांनी जायचं की नाही यावरून २०१६ साली तिथं धक्काबुक्की झाली. तुम्ही त्यात नव्हता ते बरंच केलंत. आतल्या देवीच्या गाभाऱ्याला पुजारी आडवा येत नाही, फक्त रजिस्ट्रेशनची लिंक असते.

तरीही कुणी त्र्यंबोलीची गोष्ट काढलीच तर विषय बदला. ती गोष्ट सर्कलला फार घातक आहे. त्र्यंबोली अंबाबाईची सखी. राक्षसाच्या तावडीतून तिनं देवांना सोडवलं, आणि विजयाच्या सोहळ्याचं आवतण द्यायला अंबाबाई तिलाच विसरली. सखी रुसली आणि गावाबाहेरच्या टेकडीवर जाऊन बसली. मग अंबाबाईनं काय करावं? ‘तिची एनर्जी माझ्याशी अलाइन होत नव्हती’ असं म्हणून तिला ग्रुपमधून काढावं? बाउंड्री आखावी? छे. ती आपण उठून टेकडीवर गेली. अजून जाते. दरवर्षी ललितापंचमीला पालखी निघते, सगळ्या गावादेखत दोघींची भेट होते, गुरवाच्या घरची कुमारिका त्रिशूळानं कोहळा फोडते आणि त्याची फोड मिळवायला माणसं एकमेकांच्या अंगावर पडतात. एवढ्या मोठ्या देवीनं चूक झाली म्हणून पायऱ्या चढायच्या, तेही वर्षानुवर्षं! तुमच्या सर्कलमधून गेल्या दिवाळीत जी सिस्टर निघून गेली, तिच्या घरी जायचं मग तुमच्यावर येईल. म्हणून म्हणते, विषय बदला.

आषाढातही जपून. मंगळवार-शुक्रवारी पंचगंगेचं नवं पाणी घेऊन बायका याच टेकडीकडं निघतात आणि पुढं ‘पी ढबाक’ वाजंत्री वाजत असते. ध्यानासाठी वाजवायच्या तुमच्या पितळी वाडग्याचा नाजूक नाद त्यात ऐकू यायचा नाही.

खोटं कशाला बोलू, मन मोकळं करायला जागा लागतेच. ती कुणी देत नव्हतं म्हणून तर बायकांनी पहाटेच्या अंधारात जात्यावर सासूचा उद्धार केला. पण त्यात दळणही निघायचं, आणि समोर खुंटा धरून बसलेलीला अर्धा भार उचलावा लागायचा. तुम्हाला तो त्रास नाही.

ध्यान रंगात आलं की हमखास फाटकाशी जोगतीण येते. डोक्यावर यल्लम्माचा जग, म्हणजे देवीचा मुखवटा ठेवलेली टोपली, कपाळभर भंडारा, ‘उदो गं आई उदो’. तिला आत बोलावू नका. वॉचमनच्या हातून पाच-दहा रुपये पाठवा. ती देवीला वाहिलेली आहे, कुठल्याही वर्कशॉपशिवाय, आणि बहुधा तिला न विचारता. देवदासी प्रथा बंद करायचा राज्याचा कायदा २००५ सालचा. तरी म्हाताऱ्या झालेल्यांना रेशन लागतं, पेन्शन लागते. असल्या दिव्य स्त्रीत्वाला फॉर्म भरून द्यावे लागतात, तहसील कचेरीत सोबत जावं लागतं. आपलं दिव्य स्त्रीत्व रविवारी अकरा ते एक.

आता चहाच्या मावशी. त्यांना सर्कलमध्ये बसवायचा मोह होईल, फोटोत बरं दिसतं. बसवू नका, कप कोण विसळणार? शिवाय त्या दारातून डोकावून विचारतील, ‘आवो वहिनी, एवढ्या जणी रडत्यात, कोण गेलं वो?’ सगळी स्पेस तिथंच फुटेल. त्यांना गुडघ्याचा त्रास असेल तर पायऱ्या जपून उतरा म्हणावं. पगार वाढवून मागितला तर रागवू नका, शांतपणे समजवा की मागणं ही अभावाची मानसिकता आहे. आपण विश्वाकडं बघावं, विपुलता आपोआप वाहत येते. मावशी ऐकून घेतील, ‘बरं’ म्हणतील, पदराला हात पुसतील आणि दुसऱ्या दिवसापासून यायच्या बंद होतील.

घाबरू नका. ग्रुपवर टाका, ‘सिस्टर्स, भांड्याला चांगली बाई आहे का कुणाच्या ओळखीत?’ जांभळी हृदयं वगैरे काही येणार नाही. पाच मिनिटांत सात नंबर येतील, आणि प्रत्येकीच्या नंबराखाली तिच्या बाईचं लबाडपण सविस्तर लिहिलेलं असेल.