नुसता काचपेपर मारला नाही, दादा

राम राम दादा. आधी माफी मागतो. दोन दिवस सांगून ट्रॅक्टर सहाव्या दिवशी दिला, ही चूक आमचीच. मधी एक फोन करायला पाहिजे होता, तो राहिला.

आता बाकीचं. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंत, की "कटआऊटला नुसता काचपेपर मारला अन् २,८५० रुपये घेतले, आठ दिवसांत बॅटरी परत बसली." (कटआऊट म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनॅमोला बॅटरीशी आपोआप जोडणारं-तोडणारं स्विच.) उशिराचं बोलला असता तर खाली मान घालून ऐकलं असतं. पण ते 'नुसता काचपेपर' काल रात्रीपासून डोक्यातून जाईना. जेवताना घरच्यांनी विचारलं काय झालं म्हणून, तर काय सांगायचं?

तुम्ही दुकानात आलात तेव्हा मी कटआऊटचे पॉइंट घासत होतो, हे खरं आहे. तेवढंच तुम्ही बघितलं अन् चहा घेऊन मोंढ्यात निघून गेलात. ते शेवटचं काम होतं. त्याच्या आधीचं तुम्ही बघितलं नाही म्हणून ते झालंच नाही, असं कसं होईल?

पहिल्याच दिवशी डायनॅमोच्या डी (जिथून करंट बाहेर येतो) अन् एफ (आतल्या मॅग्नेटची गुंडाळी) ह्या टर्मिनलच्या वायरी काढल्या, दोन्ही टर्मिनल एका तुकड्यानं जोडली, मीटरची एक पिन तिथं अन् एक बॉडीला लावून हळूहळू रेस वाढवली. मीटर दीड व्होल्टवर जे बसलं ते पुढं सरकेना. दीड व्होल्ट म्हणजे लोखंडात उरलेलं जुनं मॅग्नेटच काय ते बोलतंय, आत काही उभंच राहत नाही. खोललं तर एक ब्रश, म्हणजे करंट बाहेर घेणारा कार्बनचा तुकडा, झिजून होल्डरात अडकलेला, कॉम्युटेटरला (फिरत्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्याला) कसाबसा टेकत होता. कॉम्युटेटरवर चर पडलेली. मागचा बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची नळी, इतका ढिला, की शाफ्ट बोटानं हलवला तरी खडखड वाजायचा.

आर्मेचर, म्हणजे डायनॅमोचा आतला फिरणारा भाग, लेथवर नेलं. तिथून आणल्यावर तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक खाली घ्यावा लागतो, नाहीतर ब्रश त्याच्यावर उड्या मारतो अन् ठिणग्या पडतात. हॅकसॉचं पान ग्राइंडरवर बारीक करून एकेक खाच हातानं काढली, मिलिमीटरपेक्षाही कमी खोल. चष्मा लावून अख्खी दुपार गेली. नवा बुश चोवीस तास तेलात मुरू द्यावा लागतो, कोरडा ठोकला तर महिन्यात परत खडखड. तो एक दिवस तिथं गेला. एक दिवस लाईटनं खाल्ला.

अन् काचपेपरच का, तेही सांगतो. कॉम्युटेटरला एमरी, म्हणजे लोखंड घासायचा काळा पेपर, लावायची नसते, तिचे कण तांब्यात रुतून बसतात अन् नवा ब्रश खातात. माझ्या वडिलांनी मला ह्याच गोष्टीवरून एकदा कानफटात दिलेली आहे. कटआऊटचे पॉइंट तर काळे होऊन खड्डे पडलेले होते, कारण तुमच्या ड्रायव्हरनं मागं बॅटरी उलटी जोडली होती. हे तुम्हीच सांगितलं होतं, मी मनानं लिहीत नाही. ते साफ करून, डायनॅमोला परत बरोबर बाजूचं मॅग्नेट धरवून मगच वायरी जोडल्या. २,८५० मध्ये ब्रश, बुश, पट्टा, लेथची मजुरी अन् माझी मजुरी आहे. काचपेपरचे पैसे लावलेलेच नाहीत.

बॅटरीचं बोलायला नको वाटतं, पण तुम्ही चारचौघांत लिहिलंय. ट्रॅक्टर नेताना रेस दिल्यावर अँमीटरचा काटा उजवीकडं, म्हणजे चार्जिंगकडं, जात होता, तुम्ही स्वतः सीटवर बसून बघितला. नंतर पुतण्याच्या वरातीचा तुमचा स्टेटस मी बघितला. तुमचा बी-२७५ ट्रॅक्टर लई देखणा सजवला होता, खरंच. पण त्याच्यावर ५५ वॅटचे चार हॅलोजन होते. तेच अठरा अँपिअर झाले. वर डेक अन् दोन मोठे बॉक्स. हा डायनॅमो फुल रेसवर फार तर बावीस अँपिअर देतो, अन् मारुतीच्या पारापुढं गाडी आयडलला उभी असताना कटआऊट जोडतच नाही, सगळं बॅटरीतून जातं. तुमच्याच व्हिडिओत काटा डावीकडं झोपलेला दिसतोय, थांबवून बघा. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर (आयडललाही चार्ज करणारा नवा प्रकार) टाकू का, म्हणून मी आधीच विचारलं होतं. "वडिलांच्या वेळचा आहे, आहे तसाच राहू द्या" हे तुमचेच शब्द. मला ते आवडलंही होतं.

हां, डायनॅमोवर किती लोड चालतो हे मी नेताना नीट बजावून सांगितलं नाही, ते माझ्याकडून राहिलं. इथून पुढं पावतीवर लिहून द्यायचं बघतो. तारखेचंही काहीतरी करतो, पोराला वहीत लिहायला लावतो.

दादा, डायनॅमोची कामं आता महिन्याला दोन-चार येतात. पहिलं लोक वडिलांचं नाव विचारत यायचे, आता नवीन गिऱ्हाईक मोबाईलवर स्टार बघून पुढच्या दुकानात जातं. तुमच्या घरचा ट्रॅक्टर माझ्या वडिलांच्या हातचा आहे, म्हणून एवढं लिहिलं. राग धरू नका.

बॅटरी घेऊन या, रात्रभर चार्जिंगला लावतो, पैसे नाहीत. तुमचा जुना ब्रश अन् बुश मी टाकलेला नाही, गल्ल्याजवळच्या डब्यात आहे. हातात घेऊन बघा, मग त्या स्टारचं काय करायचं ते ठरवा.