सोलापुरात ट्राम नव्हती, मग हुतात्म्यांनी जाळली कुठून?

परवा भाचीनं शाळेच्या प्रकल्पाची वही दाखवायला आणली. 'माझे शहर सोलापूर'. पहिल्याच पानावर लाल पेनानं अधोरेखित केलेली ओळ: 'देशातली पहिली ट्राम 1880 साली सोलापुरात धावली.' कुठून लिहिलंस म्हटलं, तर "काकाआजोबांनी पाठवलं."

तोच मेसेज. आमच्या भावकीच्या ग्रुपवर चार वेळा येऊन गेलाय. म्हणे गिरणी कामगारांसाठी स्टेशन ते जुनी गिरणी अशी ट्राम होती. 1930 साली आंदोलकांनी ती जाळली, म्हणून चौघांना फाशी झाली. आणि उरलेले रूळ पुढं बसवाल्यांनी उखडले. सोबत एक फोटो.

आधी 'पहिली'चं बघू. कलकत्त्यात घोड्यांची ट्राम 24 फेब्रुवारी 1873 ला निघाली, मुंबईत 9 मे 1874 ला. मग 1880 ची पहिली कशी होईल?

सोलापूर जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर, म्हणजे सरकारी माहितीग्रंथ, 1884 चं आहे, म्हणजे या कथित ट्रामनंतर चारच वर्षांनी छापलेलं. त्यात रेल्वे आहे, कापडगिरणी आहे, पेठा आहेत, सिद्धेश्वराचं तळं आहे. शहरातल्या ट्रामची ओळ नाही. ज्यांनी तळ्याची नोंद घेतली, ते रस्त्यावरचे रूळ विसरले असतील का?

फोटो मोठा करून बघा. ट्राम दुमजली आहे आणि कपाळावर पाटी आहे 'दादर'. दुमजली ट्राम मुंबईत 1920 साली आली, आणि तिथली शेवटची ट्राम 31 मार्च 1964 ला बंद झाली.

हे सगळं एक वेळ सोडून दिलं असतं. पण हुतात्म्यांबद्दल काहीही लिहायचं, हे सहन होत नाही. मल्लप्पा धनशेट्टी, किसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिली. आरोप होता दोन पोलिसांच्या खुनाचा. त्यामागं मे 1930 चं अख्खं सोलापूर होतं. गांधीजींना अटक झाली, लोक सत्याग्रह म्हणून शिंदीची झाडं तोडायला निघाले, गोळीबार झाला, लोक खवळले, पोलीस चौकी पेटली आणि 12 मे पासून मार्शल लॉ लागला. या मेसेजनं त्या चौघांच्या माथी, जी गाडी या गावात कधी धावलीच नाही, तिची जाळपोळ मारली. या चौघांच्या पुतळ्यांच्या चौकातून, चार पुतळ्यावरून, रोज जाणाऱ्या माणसांनी हे पुढं पाठवावं, याचा मला राग आहे.

बसवाल्यांच्या मुद्द्यावर काय बोलायचं? रूळच नव्हते, तर उखडणार काय?

आता एवढं कबूल करतो, की जिल्ह्यात छोटी गाडी होती. बार्शी लाईट. अडीच फुटी रुळांवरची, 1897 साली कुर्डुवाडीच्या बाजूनं बार्शीला पोचलेली, 1906 ला पंढरपूरपर्यंत गेलेली. महाराष्ट्रात मुंबईबाहेर ट्राम होती हेही खरं, पण ती नाशकात, नाशिकरोड स्टेशनापासून गावात जाणारी. आमचे आजोबा जुन्या गिरणीत होते. भोंगा झाला की भाकरीचं फडकं काखेत मारून पायीच निघायचे.

भाचीनं पट्टी लावून ती ओळ खोडली आणि खाली बार्शी लाईट लिहिलं. काका, तुमचा मेसेज मात्र ग्रुपवर अजून तसाच आहे. आज रात्रीपर्यंत काढा, आणि ज्यांना ज्यांना पाठवलात त्यांनाही कळवा.