खरखर दिसली की झालं, लगेच ‘ओरिजिनल’!

१९८३ च्या वर्ल्ड कपमधल्या कपिल देवच्या नाबाद १७५ धावांचं ‘ओरिजिनल टीव्ही फुटेज’ पुन्हा कुणीतरी विकायला काढलंय. पेन ड्राइव्हवर. कुरिअरचे पैसे वेगळे. आणि जुनी टीव्ही रेकॉर्डिंग जमवणारे आपले जाणकार संग्राहक त्या नमुन्याच्या क्लिपवर मान डोलावत काय म्हणतायत, तर ‘खरखर अगदी अस्सल वाटते बुवा.’

अहो, खरखर कसली बघताय? १८ जून १९८३ ला इंग्लंडमधल्या टनब्रिज वेल्सच्या मैदानावरून टीव्हीचं प्रक्षेपणच झालं नव्हतं! बीबीसीत संप होता, की त्या दिवशीच्या दुसऱ्या सामन्यांकडे कॅमेरे गेले होते, यावर लोक अजून भांडतात. भांडोत बापडे. पण त्या खेळीचं टीव्ही फुटेज नाही, हे क्रिकेट बघणाऱ्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ५ बाद १७ वरून ८ बाद २६६, त्यात एकट्याचे नाबाद १७५, आणि ते बघितलं फक्त मैदानावर हजर असलेल्यांनी. चाळीस वर्षांची ही हळहळ आहे आपली. हे लोक बरोबर तीच विकतायत.

माल कुठून आलाय तेही उघड आहे. २०२१ मध्ये त्या वर्ल्ड कपवर हिंदी सिनेमा आला, त्यात ही खेळी नव्याने चित्रित केली होती. तिथले लांबून घेतलेले दोन-चार शॉट उचलायचे, रंग फिके करायचे, वर जुनाट दिसण्याचा फिल्टर मारायचा, झालं ‘रेअर’. एका महाभागाच्या क्लिपमध्ये तर गावसकर चौकार मारताना दिसतो. गावसकर! त्या सामन्यात गावसकर शून्यावर गेला. श्रीकांत शून्यावर. आपला संदीप पाटील एकावर. हे कळायला टेपमधलं काही कळावं लागत नाही, फुकट मिळणारं स्कोअरकार्ड उघडावं लागतं. ते कोण उघडणार? सगळे झूम करून ठिपके मोजण्यात गुंग.

विकणाऱ्यावर मी फार चिडत नाही. तो लबाड आहे, त्याचा धंदा आहे. माझा राग आहे तो आपल्यातल्या स्वयंघोषित परीक्षकांवर. मोबाइलवर अर्धा मिनिट क्लिप बघायची आणि निकाल द्यायचा. ‘जेन्युइन आहे, घेऊन टाका.’ कशावरून? तर चित्र हलतंय, रंग उडालाय, आवाज घोगरा आहे. नोट खरी की खोटी हे तिच्यावरच्या मळावरून ठरवण्यातला प्रकार आहे हा. मळ कुणीही लावू शकतो हो! हल्ली तर एका बटणावर लागतो.

आणि लावणाऱ्यालाही धड लावता येत नाही, तरी हे फसतात. उभे ओरखडे आणि नाचणारे काळे ठिपके हे फिल्मचे दोष. व्हिडिओ टेपला उभे ओरखडे पडत नाहीत. टेपवरची चुंबकीय पूड उडाली की आडवी, बारीक पांढरी रेघ क्षणभर चमकून जाते. व्हीएचएस कॅसेट डिजिटाइझ केली की चित्राच्या अगदी तळाशी काही ओळींची वेडीवाकडी पट्टी दिसते, कारण व्हीसीआरमधलं टेप वाचणारं एक हेड थांबून दुसरं वाचायला लागतं ते तिथं. जुन्या टीव्हीत ती कडेच्या फ्रेमखाली झाकली जायची म्हणून कुणाला आठवत नाही. फिल्टरवाले काय करतात, तर फिल्मचे ओरखडे आणि टेपची पट्टी एकाच चित्रावर थापतात, कोपऱ्यात ‘प्ले’ अशी अक्षरं ठेवतात आणि ती वीस मिनिटं तिथंच. अरे, ती अक्षरं टेपवर नसतात, व्हीसीआर ती टीव्हीवर दाखवतो आणि काही सेकंदांत घालवतो! ज्यानं आयुष्यात एकदा कॅसेट लावलीय त्याला हे कळायला हवं. आमच्या परीक्षकांनी लावलीच नसावी.

तारखांच्या बाबतीत तर आनंदी आनंद. ‘स्मिता पाटील मराठी बातम्या वाचताना, १९७४, घरी केलेलं व्हीएचएस रेकॉर्डिंग.’ मोहात पडावं असाच माल आहे, मान्य. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, स्मितानं तिथं बातम्या वाचल्या, सगळं खरं. पण व्हीएचएस जपानात बाजारात आली १९७६ मध्ये. मग १९७४ ला हे गिरगावातल्या कुणाच्या घरी रेकॉर्ड झालं ते काय देवाच्या व्हीसीआरवर? एक जण १९७८ च्या बातम्या रंगीत विकत होता. आपल्याकडे रंगीत प्रक्षेपण आलं १९८२ ला, एशियाडच्या वर्षी. तिसऱ्याच्या १९८५ च्या क्लिपमध्ये कोपऱ्यात सह्याद्रीचा लोगो. सह्याद्री हे नाव तेव्हा जन्मालाही आलेलं नव्हतं. यावर एका ज्येष्ठ संग्राहकांचं मत काय? ‘लोगो नंतर टाकला असेल, पण ग्रेन, चित्रातले दाणे, बघा ना!’ बघतोय काका, ग्रेनच बघतोय.

आता एआयनं नवीन धुमाकूळ घातलाय. प्रसार भारती स्वतःच्या संग्रहातलं कितीतरी यूट्यूबवर फुकट टाकते. तेच उतरवायचं आणि ‘फोर-के रिस्टोअर्ड, मास्टर टेपवरून’ म्हणून विकायचं. आपल्या टीव्हीची पद्धत पाल, सेकंदाला पंचवीस फ्रेम, आणि हे साठ फ्रेमचं लोण्यासारखं गुळगुळीत करून देतात. सगळ्या निवेदिकांची कातडी मेणाची. यात एक गोष्ट मात्र हमखास पकडून देते: श्रेयनामावली. यंत्राला देवनागरी झेपत नाही. धूसर अक्षरं ‘स्पष्ट’ करताना ते वेलांट्या कुठेही चिकटवतं, जोडाक्षरांचा चुराडा करतं. निर्मात्याच्या नावाच्या जागी कुठल्याही भाषेत नसलेला शब्द उभा असतो. मराठी माणसांनी, मराठी कार्यक्रमाची, मराठी पाटी न वाचता ‘क्वालिटी एक नंबर’ म्हणावं?

तुटवडा खरा आहे म्हणून हे चालतं, हेही कळतं मला. टेपा महाग होत्या, दूरदर्शननं किती कार्यक्रम पुसून त्यावर दुसरे घेतले. तिकडे बीबीसीनं तेच केलं. आणि चंद्रावरच्या पहिल्या पावलाच्या मूळ टेपाही बहुधा पुसून वापरल्या गेल्या, असं २००९ मध्ये खुद्द नासानंच सांगितलं. त्यामुळे एखाद्याच्या कपाटात काहीतरी निघेल ही आशा वेडी नाही. म्हणूनच तर जे खरोखर निघतं त्याचं आपण काय करतो ते बघून डोकं फिरतं.

ओळखीतल्या एका गृहस्थांकडे वडिलांच्या कॅसेटची पेटी निघाली. दादरचं घर, माळ्यावर वर्षानुवर्षं दमट हवा, टेपांवर पांढरी बुरशी. त्यांनी पदरचे पैसे घालून पहिली टेप साफ करून घेतली, डिजिटाइझ केली. ऐंशीच्या दशकातल्या संध्याकाळच्या बातम्या, मधेच वाजणाऱ्या जाहिराती, हवामान, आणि प्रक्षेपण तुटल्यावर आलेली ती ‘व्यत्यय’ची पाटी. सलग. एकही काप नाही. विकायचंही नव्हतं त्यांना, नुसतं आपल्या संग्राहकांना विचारत होते की हे कुणाला उपयोगी आहे का.

उत्तरं काय मिळाली? ‘इतकं स्वच्छ कसं?’ ‘खरखर नाही, नक्की बनवलेलं.’ एकानं सल्ला दिला, जाहिराती कापून टाका, मग बघू. जाहिराती कापा! अरे, तारीख ठरवायला त्याच तर कामाला येतात. कुठला साबण, कुठला टीव्ही, काय किंमत, कुठल्या दिवाळीची सूट, यावरून वर्ष सोडा, महिना सांगता येतो. बनावटवाला जाहिराती ठेवतच नाही, कारण त्या त्याला जुळवता येत नाहीत. कॅसेटच्या कडेला वडिलांच्या अक्षरातली चिठ्ठी होती, तिचा फोटो कुणी मागितला नाही. कुठल्या व्हीसीआरवर घेतलं, विचारलं नाही. काहीही न कापलेली फाइल बघू द्या, म्हटलं नाही. पेन ड्राइव्हवाल्याला तरी कधी विचारतात म्हणा! तो ‘सोर्स सांगू शकत नाही सर’ म्हणाला की यांना उलट अंगावर काटा येतो, काहीतरी मोठं गुपित आहे म्हणून.

आणि शेवटी आमचे सगळ्यात मोठे तज्ज्ञ आले. चित्राच्या तळाशी ती वाकडी पट्टी होती ना, हेड बदलण्याची? तिच्यावर लाल गोल काढून साहेबांनी लिहिलं, ‘एडिटिंगचा दोष. फेक.’ खाली अंगठ्यांची रांग. गृहस्थ म्हणाले, राहू दे, कशाला हा ताप. उरलेली पेटी परत माळ्यावर गेली आणि पावसाळा तोंडावर आहे. पेन ड्राइव्हवाल्याची ऑर्डर मात्र त्याच तज्ज्ञांनी दिलीय, आगाऊ पैसे भरून.