पोच घेतलीस का?

अमेरिकेत मला हे काम मिळालं त्यात माझ्या पदवीचा वाटा शून्य, सगळं श्रेय चेहऱ्याचं. आयोवातल्या मक्याच्या शेतांमध्ये आमचं गाव आहे. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात आठवड्याचे वीस तास मी परत आलेली पुस्तकं जागच्या जागी लावते. एका सकाळी डायरेक्टरबाई म्हणाल्या, "तू इंडियाची ना? मग यंदा ई-रेटचं तू बघ." भारतीय माणसाला कम्प्युटरमधलं सगळं येतं, असा इथे पक्का समज आहे. मला येत नाही असं सांगून देशाची मान खाली घालायला मी धजले नाही.

ई-रेट ही 1996 च्या दूरसंचार कायद्यातून निघालेली योजना. शाळा आणि ग्रंथालयांना इंटरनेटच्या बिलात 20 ते 90 टक्के सवलत. पैसा फोन कंपन्यांकडून वसूल होतो आणि कंपन्या तो गिऱ्हाइकांच्या बिलात अलगद चिकटवतात. रात्री मी हे सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी अण्णांना फोनवर सांगितलं. तिकडे सकाळ होती.

"म्हणजे आपल्याच खिशातून काढून आपल्यालाच सवलत," अण्णा म्हणाले. "आपल्याकडे तेच आहे. गावोगाव इंटरनेट न्यायच्या भारतनेट योजनेचा निधी कुठून आला? फोन कंपन्यांच्या उत्पन्नातल्या 5 टक्क्यांतून. फरक एवढाच, की तुमच्याकडे बिलावर लिहून घेतात."

अण्णांना हे माहीत असायचं कारण, ते गावच्या वाचनालयाचे बत्तीस वर्षं कार्यवाह आहेत. ड वर्ग. ज्यांना ड वर्ग म्हणजे काय हे माहीत नाही त्यांच्यासाठी: 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली राज्यात अ, ब, क, ड अशी उतरंड आहे आणि ड ही तिची तळाची मडकी. कित्येक वर्षं ड वर्गाला वर्षाचं अनुदान 30 हजार रुपये होतं, तेही दोन हप्त्यांत. 2022 मध्ये 60 टक्के वाढ मंजूर झाली, तेव्हा अण्णांनी पेढे वाटले आणि पेढ्यांचं बिल स्वतःच्या खिशातून भरलं, कारण ते कोणत्या शीर्षाखाली टाकायचं ते ठरेना. दाखल रजिस्टर, देवघेव रजिस्टर, आवक-जावक, ऑडिट, तपासणी यांत माणसाचं आयुष्य गेलं. लहानपणी मला वाटायचं, पुस्तकं ही रजिस्टरांना आधार म्हणून ठेवतात.

त्या कागदांपासून पळून मी आठ हजार मैलांवर आले होते.

"फॉर्म भरलास की पोच घे," अण्णा म्हणाले.

"अण्णा, इथे सगळं ऑनलाइन असतं."

"मग ऑनलाइन पोच घे."

तर, ई-रेटचा अर्ज फक्त ऑनलाइनच करता येतो. म्हणजे इंटरनेट परवडत नाही हे कळवायला आधी इंटरनेट लागतं. ज्या पोर्टलवर अर्ज करायचा त्याचं नाव ई-रेट प्रॉडक्टिव्हिटी सेंटर; त्याच्या आद्याक्षरांना लोक लाडाने 'एपिक' म्हणतात. एपिक म्हणजे महाकाव्य, आणि ते सर्गबद्ध आहे. फॉर्म 470, मग 471, मग 486, मग 472. मधले सर्ग कुठे गेले कोण जाणे. अर्जदारांबरोबरच खर्ची पडले असावेत.

पहिल्याच दिवशी मी मदतीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या माणसाने अत्यंत गोड आवाजात विचारलं, "तुमचा बेन काय?"

मला 'बेणं' ऐकू आलं. अमेरिकेत पहिल्या वाक्यालाच कोणी इतकं खरं बोलेल असं वाटलं नव्हतं. नंतर कळलं, बेन म्हणजे ज्याच्या नावाने बिल येतं त्याचा नंबर.

मग सवलत किती मिळणार याचा हिशेब. मला वाटलं, आमचं उत्पन्न विचारतील, पुस्तकं मोजतील. छे. गावच्या शाळांतल्या किती टक्के मुलांना दुपारचं जेवण फुकट किंवा सवलतीत मिळू शकतं, त्यावर ग्रंथालयाच्या वायफायची सवलत ठरते. आमच्या शाळांचा आकडा 40 च्या आसपास, गाव ग्रामीण, म्हणून सवलत 70 टक्के. महिन्याचं बिल 300 डॉलर, त्यातले 90 आमचे.

"म्हणजे खिचडी मोजून इंटरनेट?" अण्णा म्हणाले, आणि बराच वेळ हसत राहिले. मग थोडे गप्प झाले. "तसं बरोबरच आहे म्हणा. जिथे खिचडीची रांग मोठी, तिथेच घरी इंटरनेट नसणार."

हे मात्र मी रोज बघते. संध्याकाळी ग्रंथालय बंद झाल्यावरही बाहेर दोन-तीन गाड्या उभ्या असतात. आत दिवा नसतो. पोरं मांडीवर लॅपटॉप घेऊन आमच्या वायफायवर गृहपाठ करत असतात. इमारत अँड्र्यू कार्नेगी या पोलादसम्राटाच्या देणगीतली, भिंती किल्ल्यासारख्या जाड, म्हणून नेमक्या खिडकीसमोरच्या जागेसाठी गाड्यांची चुरस लागते. (कार्नेगीही फुकट देत नव्हता. देणगीच्या 10 टक्के रक्कम गावाने दरवर्षी ग्रंथालयावर खर्च करायची, ही त्याची अट. अनुदानाला शेपूट असतंच.)

फॉर्म 470 म्हणजे दवंडी. 'आम्हाला इंटरनेट हवं आहे हो' असं जगाला सांगायचं आणि किमान 28 दिवस थांबायचं. त्या दिवसांत कंपन्यांनी चढाओढीने दर पाठवावेत अशी कल्पना. 7 जानेवारी 2025, मंगळवारी मी दवंडी पिटली. आमच्या गावात तार टाकलेली कंपनी एक. तिने दर पाठवला. चढाओढ संपली.

आता एकच दर आला तर काय करायचं? सल्ला असा, की तशी टिपण लिहून दप्तरी ठेवावी. नाहीतर स्वतःच स्वतःला ईमेल करावा. मी केला. 'प्रिय मी, आपल्याला कळवण्यात येते की एकच दर आला.' दोन मिनिटांनी मलाच ईमेल आल्याची घंटी वाजली आणि मी दचकले.

मधल्या काळात कंपनीचा माणूस डोनटचा खोका घेऊन आला. मी हात पुढे केला आणि डायरेक्टरबाई ओरडल्या, "थांब!" विक्रेत्याकडून भेट घ्यायची मर्यादा आहे: एका वेळी 20 डॉलर, वर्षाला 50. मग दोघी नियम वाचत बसलो. बैठकीतली कॉफी आणि डोनट चालतात, ते जेवण नसेल तर. आता तीन डोनट म्हणजे जेवण का, यावर नियम मूग गिळून आहे. आमच्याकडे तपासणीला साहेब आले की आई पोहे करायची. त्या पोह्यांची किंमत कधी कोणी काढली नव्हती. मी एकच डोनट खाल्ला आणि बैठक चालू आहे असं दिसावं म्हणून समोर वही उघडी ठेवली.

3 फेब्रुवारीला बोटांवर दिवस मोजले. पुरे 28. कंपनीबरोबर करारावर सह्या झाल्या. संध्याकाळी मी विजयी मुद्रेने फोन लावला. पण अण्णा स्वतःच्याच आनंदात होते. दोन दिवसांपूर्वी अर्थसंकल्पात ऐकलं होतं, की भारतनेटमधून ग्रामीण भागातल्या सगळ्या सरकारी माध्यमिक शाळांना आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांना ब्रॉडबँड देणार.

"आणि वाचनालयांना?"

"आमचं नाव नाही घेतलं," ते म्हणाले. "पण जवळ आलंय. शाळा आमच्या भिंतीला लागून आहे." आशावाद हा ड वर्गाचा स्थायीभाव. भारतनेटचा डबा आमच्या ग्रामपंचायतीत केव्हाच बसलाय, वाचनालयापासून चाळीस पावलांवर. तो ज्या खोलीत आहे तिला कुलूप, किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर, आणि दिवा लागलाय की नाही हे बघायला अण्णा खिडकीच्या फटीतून डोकावतात.

"तुझं काय झालं? पोच घेतलीस?"

"घेतली हो, अण्णा. महिना झाला."

"वाचलीस?"

पोच ही घ्यायची, डकवायची आणि विसरायची वस्तू. ती वाचायची असते हे बत्तीस वर्षांत त्यांनी एकदाही सांगितलं नव्हतं. मी वाचली. त्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं: करार करायची पहिली तारीख, 4 फेब्रुवारी.

मी दवंडीचा दिवस पहिला धरला होता. बाळाचं बारसं मोजताना जन्माचा दिवस धरतात ना, तसा.

एका दिवसाने वर्षभराची सवलत जाणार, 2,520 डॉलर. उपाय एकच, पुन्हा 470, पुन्हा 28 दिवस. कंपनीच्या माणसाला सांगितलं, तुझ्याशी केलेला करार रद्द, आता आम्ही खुल्या मनाने सर्वांकडून दर मागवत आहोत. तो बिचारा म्हणाला, "बरं." पुन्हा त्याचा एकट्याचाच दर आला. पुन्हा मी मला ईमेल केला. या वेळी कॅलेंडरवर एकतिसावा दिवस गोल केला, मध्ये दोन दिवस भीतीचे.

471 म्हणजे सवलतीचा प्रत्यक्ष अर्ज. त्याची मुदत 26 मार्चच्या मध्यरात्रीपर्यंत होती. अर्ज मी दुपारी सोडला, आणि बातम्या लावल्या तर त्याच दिवशी वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टात या निधीवरच सुनावणी. काही मंडळींचं म्हणणं, फोनच्या बिलातून अशी वसुली हा कर आहे आणि तो लावायचा अधिकार काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, असा दुसऱ्याकडे सोपवायला नको होता. खालच्या एका कोर्टाने त्यांचं ऐकलंही होतं. म्हणजे मी दोनदा दवंडी पिटून ज्या पंगतीत पान मांडलं, ती पंगतच उठण्याच्या बेतात होती. 27 जूनला निकाल लागला, सहा विरुद्ध तीन, निधी राहिला. अमेरिकेच्या राज्यघटनेत माझा जीव इतका कधीच गुंतला नव्हता.

मध्ये पडताळणीवाल्यांचा ईमेल आला, उत्तराला 15 दिवस. एकच दर का? मी मलाच पाठवलेला ईमेल त्यांना पाठवला. चालला! तो ईमेल मी आता छापून ठेवलाय. तसंही सगळे कागद 10 वर्षं जपायचे आहेत. डायरेक्टरबाईंनी त्यासाठी कपाट मागवलं, आणि ते आल्यावर मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं.

शेवटचा फॉर्म 472. याला सगळे 'बेअर' म्हणतात, अस्वल. आधी पूर्ण बिल आपण भरायचं, मग अस्वलाच्या मार्फत आपलेच 70 टक्के परत मागायचे.

"दुसरा हप्ता," अण्णा म्हणाले. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

पैसे आले त्या दिवशी मी ग्रंथालयातूनच त्यांना व्हिडिओ कॉल केला. म्हटलं, बघा आमचा वेग. माझ्याकडचं चित्र लख्ख. ते पंचायतीमागच्या लिंबाखाली उभे होते, तिथे मोबाइलला दोन काड्या येतात. मी म्हटलं, "अण्णा, जमा झाले हो!" त्यांनी मान हलवली, काहीतरी विचारायला तोंड उघडलं, आणि चित्र तिथेच गोठलं. ओठांचा चंबू, वर उचललेलं एक बोट.

मी उठले आणि बँकेच्या पावतीची प्रत काढायला प्रिंटरकडे गेले.